इंदिरा कोल, भिंतीवरचा फोटो आणि आमची कमिटी

रानजाई
सोमवार, सकाळी ७:४२

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. विषय डोंगराचा आहे पण सह्याद्रीतला नाही. 'वाटेत पाणी कुठे मिळेल'वाल्यांची आधीच माफी मागते.

आमच्या गिर्यारोहण संस्थेची एक खोली आहे. दोन कपाटं, दोरांची ट्रंक, आवाज करणारा पंखा. तिथल्या एका भिंतीवर यंदा महिला गिर्यारोहकांचे फोटो लावायचं ठरलं. यादी पाच मिनिटांत झाली: जुंको ताबेई, बचेंद्री पाल, संतोष यादव. मी म्हटलं, अजून एक नाव घ्या, फॅनी बुलक वर्कमन. सगळे गप्प. मग एक जण म्हणाला, "हे बाईचं नाव आहे की बुटांच्या कंपनीचं?"

म्हणून हा धागा. गेल्या वर्षी कारगिलहून पदुमला जाताना सुरू नदीच्या खोऱ्यात पानिखारला मुक्काम होता. सकाळी नुन असा समोर उभा की चहा हातातच गार झाला. नुन ७,१३५ मीटर, त्याचा शेजारी कुन ७,०७७. याच समूहातलं तिसरं मोठं शिखर म्हणजे पिनॅकल पीक, सुमारे ६,९३० मीटर. १९०६ साली त्याच्या माथ्यावर ४७ वर्षांची एक बाई उभी होती. तेव्हा नुन आणि कुन दोन्ही अजिंक्य होते. एव्हरेस्टच्या वाटेचा शोध घ्यायला पहिली मोहीम निघायला अजून पंधरा वर्षं होती. तोपर्यंत कुठलीही बाई एवढ्या उंचीवर गेलेली नव्हती आणि तिचा हा विक्रम १९३४ पर्यंत टिकला.

फॅनीचा जन्म ८ जानेवारी १८५९, अमेरिकेतल्या वुस्टर गावी. वडील मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर, आईकडचे आजोबा बंदुकीच्या दारूचे बडे व्यापारी. म्हणजे पैशाला तोटा नाही. नवरा विल्यम हंटर वर्कमन, डॉक्टर, तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. तब्येत बरी नाही म्हणून त्याने चाळिशीतच डॉक्टरकी सोडली आणि जोडपं युरोपात राहायला गेलं. (हा तब्येत बरी नसलेला माणूस पुढे काराकोरमच्या हिमनद्या तुडवत नव्वदीपर्यंत जगला. अशी नाजूक प्रकृती सर्वांना लाभो.)

हिमालयाशी त्यांची गाठ पडली ती सायकलमुळे. १८९७च्या अखेरीस हे दोघे आपल्या देशात आले आणि सिलोन, जावा वगैरे धरून चौदा हजार मैल सायकलने हिंडले. खडीचे रस्ते आणि बाभळीचे काटे, दिवसाला कधी कधी चाळीस पंक्चर. आपल्याकडे एका पंक्चरला माणूस सोसायटीच्या ग्रुपवर निवेदन टाकतो. १८९८च्या उन्हाळ्यात मैदानात उकडायला लागलं म्हणून काश्मीर-लडाखकडे वळले, तिथे बर्फ पाहिलं, आणि पुढची चौदा वर्षं पुन्हा पुन्हा तिकडेच येत राहिले.

आता शीर्षकातला इंदिरा कोल. सियाचीन हिमनदीच्या अगदी वरच्या टोकाला ही खिंड आहे. १९१२ साली फॅनी त्या मोहिमेची प्रमुख म्हणून तिथे पोचली आणि खिंडीचं नाव तिनेच ठेवलं. इंदिरा म्हणजे लक्ष्मी. इंदिरा गांधींचा जन्म १९१७चा, तेव्हा त्यांचा काही संबंध नाही.

कमिटीत आधी 'ही कोण', मग 'परदेशी कशाला', आणि शेवटी एका सभासदाने खरा आक्षेप काढला: बाई हमालांशी फार वाईट वागायची. तो खोटा नाही. म्हणून तुम्हाला विचारतेय. फोटो लावावा का?

---

ताकभात
सोमवार, सकाळी ८:१०

मस्त धागा, वाचतेय. चाळीस पंक्चर!! आणि साडीत... आय मीन स्कर्टात?

---

रानजाई
सोमवार, सकाळी ८:१९

हो, सायकल लांब स्कर्टातच. पुढे डोंगरावर तो आखूड होत गेला. सोबत खिळे मारलेले बूट, लोकरी थर आणि आल्प्सवाली हॅट. ऑक्सिजन नाही, नायलॉन नाही, डाऊन जॅकेट नाही.

---

निवृत्त_सुभेदार
सोमवार, सकाळी ९:०५

रानजाई ताई, नमस्कार. मी नव्वदच्या दशकात सियाचीनच्या बेस कॅम्पला होतो. आमच्या युनिटमध्ये झाडून सगळे समजायचे की इंदिरा कोल हे नाव इंदिराजींचंच. सियाचीन ताब्यात घ्यायची आपली लष्करी मोहीम, ऑपरेशन मेघदूत, १३ एप्रिल १९८४ला सुरू झाली तेव्हा पंतप्रधान त्याच होत्या, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. मी स्वतः गावाकडे चारचौघांत तसंच सांगितलेलं आहे. आता गणपतीत गेलो की दुरुस्ती करावी लागणार.

तिथल्या 'सिया ला' खिंडीचं नावही आम्ही रोज घ्यायचो. ते पण यांनीच ठेवलेलं का?

---

रानजाई
सोमवार, सकाळी ९:३१

काका, हो. सिया ला १९१२च्याच मोहिमेतलं. 'सिया' म्हणजे तिकडचं रानगुलाबाचं झुडूप, 'चेन' म्हणजे मुबलक. वर्कमन दांपत्य सियाचीनला रोझ ग्लेशियरही म्हणायचं. गोळीबार आणि हिमदंशाच्या बातम्यांतून आपल्याला माहीत झालेलं नाव मुळात गुलाबांचं आहे.

---

वेताळटेकडी
सोमवार, सकाळी १०:१५

कोल, कोल काय लावलंय? आपल्याकडे खिंड हा अस्सल शब्द आहे. पावनखिंड, उंबरखिंड तशी इंदिरा खिंड.

बाकी नाव ठेवण्याचं कौतुक समजलं नाही. तिथल्या लोकांना त्या जागा आधीपासून ठाऊक असणार. गोरी बाई येते, एका देवीचं नाव चिकटवते आणि आपण शंभर वर्षांनी टाळ्या वाजवायच्या?

---

अवखळ
सोमवार, सकाळी १०:२२

आला, आला, पहिला बॉल आला. चिवडा घेऊन बसलो आहे.

---

पोथीवाला
सोमवार, सकाळी ११:०२

अमरकोशात लक्ष्मीच्या नावांमध्ये 'इन्दिरा लोकमाता मा' असं येतं. बाईने हे नाव कुणा पंडिताला विचारून घेतलं असो की पुस्तकातून उचललेलं असो, स्वतःचं किंवा राणीचं नाव न देता इथलं दिलं हे त्या काळच्या मानाने बरंच म्हणायचं.

---

वेताळटेकडी
सोमवार, सकाळी ११:२०

पोथीवाला, तेवढंच एक सांगू नका. त्याच मोहिमेत बाजूच्या शिखराला यांनी 'क्वीन मेरी' नाव दिलंय. आणि १८९९ साली एका शिखराला चक्क 'माउंट बुलक वर्कमन'.

---

पोथीवाला
सोमवार, सकाळी ११:२४

शब्द मागे घेतो. निम्मे.

---

मोजपट्टी
सोमवार, दुपारी १:४०

मी सर्वेक्षणातला माणूस, आता निवृत्त. उंचीबद्दल दोन शब्द, कारण या बाईंचा खरा सामना डोंगराशी कमी आणि आकड्यांशी जास्त होता.

त्या काळी उंच शिखरावरची उंची दोन तऱ्हांनी काढत. एक ॲनेरॉइड, म्हणजे हवेचा दाब दाखवणारी डबी. ती थंडीत आणि हमालाच्या पाठीवर आदळआपट झाली की रुसते. दुसरी रीत पाणी उकळण्याची. जसजसं वर जावं तसतसं पाणी कमी तापमानाला उकळतं, ढोबळमानाने तीनशे मीटरला एक अंश. पिनॅकल पीकवर ते साधारण ७७-७८ अंशांना उकळेल. म्हणजे अर्ध्या अंशाची चूक झाली की उंचीत दीडशे मीटर इकडचे तिकडे. वर्कमनबाईंचा दावा २३,३०० फुटांचा होता. खरी उंची त्यापेक्षा साडेपाचशे फुटांनी कमी, म्हणजे पाऊणशे-शंभर पावलं जास्तीची चालली असं नव्हे, तर थर्मामीटरवरची बारीक रेघ. वाऱ्यात, गोठलेल्या बोटांनी वाचलेली. यात लबाडी दिसत नाही.

मात्र याच बाईंनी दुसऱ्या एका बाईच्या आकड्याचं काय केलं ते ऐका. ॲनी स्मिथ पेक नावाची अमेरिकन बाई, फॅनीपेक्षा आठ वर्षांनी मोठी. घरची श्रीमंती नाही, व्याख्यानं देऊन आणि वर्गणी मागून मोहिमा करायची. १९०८ साली वयाच्या ५८व्या वर्षी पेरूमधल्या वास्कारानच्या उत्तर शिखरावर चढली. वर जोराचा वारा, त्यामुळे उपकरणाने नीट मोजता आलं नाही. ती म्हणाली, हे चोवीस हजार फूट असू शकेल. तसं असतं तर फॅनीचा विक्रम गेला असता. फॅनीने काय करावं? फ्रेंच सर्वेक्षकांचं पथक पैसे देऊन पेरूला धाडलं, तेरा हजार डॉलर खर्च करून. त्यांनी त्रिकोणमितीने मोजलं आणि आलं २१,८१२ फूट. विक्रम शाबूत.

धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, काम चोख झालं होतं. आजचा आकडा ६,६५० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे ते पथक पाच-दहा मीटरच चुकलं. सवतीमत्सरातून इतकं अचूक सर्वेक्षण झाल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

---

ताकभात
सोमवार, दुपारी १:५८

तेरा हजार डॉलर!! १९०८-०९चे! पेकबाईंची अख्खी मोहीम त्यात चार वेळा झाली असती. मला तर आता पेकचाच फोटो लावावासा वाटतोय.

---

भाकरवडी
सोमवार, दुपारी २:३०

"सवतीमत्सर" शब्दावर आक्षेप. कुक आणि पिअरी हे दोन शोधक उत्तर ध्रुवावर आधी कोण पोचलं यावरून याच सुमारास एकमेकांना खोटारडे म्हणत होते. त्यांना कुणी सवती म्हटलं नाही, 'महान प्रतिस्पर्धी' म्हटलं.

---

मोजपट्टी
सोमवार, दुपारी २:४१

मान्य, चूक झाली. स्पर्धा म्हणतो.

---

अवखळ
सोमवार, दुपारी ३:०५

काडी टाकतो. बाईंना मुलं होती ना? चौदा वर्षं हिमालयात, मग मुलं कुणी सांभाळली?

---

भाकरवडी
सोमवार, दुपारी ३:०९

डॉक्टरसाहेबही चौदा वर्षं तिथेच होते. तो प्रश्न त्यांना विचारून झाला का?

---

रानजाई
सोमवार, रात्री ९:१५

ऑफिसमधून आत्ता मोकळी झाले. अवखळ, मुलगी रेचेल होती, ती दाया आणि वसतिगृहात वाढली. मुलगा सीगफ्रीड १८९३ साली गेला, चार वर्षांचा असेल. १८९९ला काराकोरममध्ये चढलेल्या एका शिखराला या दोघांनी सीगफ्रीडहॉर्न नाव दिलं. मला हे वाचल्यावर शिखरांना नावं देण्याच्या त्यांच्या सवयीची चेष्टा पूर्वीसारखी करवली नाही. तुम्ही करा, माझी हरकत नाही.

अजून एक. या जोडप्याने कामं वाटून घेतली होती. एका वर्षी तिने मोहीम आखायची, रसद-माणसं बघायची आणि त्याने मोजमाप नि फोटो, पुढच्या वर्षी उलट. १९१२ची सियाचीन तिची. त्यावरच्या पुस्तकात तिने मुद्दाम लिहून ठेवलंय की या मोहिमेची प्रमुख एक बाई होती हे छापील शब्दांत नोंदलं गेलं पाहिजे, पुढच्या बायकांना ते कळलं पाहिजे. आधीच्या पुस्तकांत दोघांची नावं असल्यामुळे लोक सगळं श्रेय डॉक्टरांना देत, तो राग यात आहे.

आणि तो प्रसिद्ध फोटो. काराकोरममध्ये सुमारे २१,००० फुटांवर सिल्व्हर थ्रोन नावाच्या पठारावर ती उभी आहे, बर्फात कुऱ्हाड रोवलेली, हातात उघडलेलं वर्तमानपत्र: 'व्होट्स फॉर विमेन'. साल १९१२. अमेरिकेत बायकांना देशभर मताधिकार मिळाला १९२०ला, आपल्या मुंबई इलाख्यात १९२१ला (तोही मालमत्तेची अट घालून). हाच फोटो मला भिंतीवर हवाय.

---

कोकणकडा
सोमवार, रात्री १०:०२

पेकबाईंनी आदल्याच वर्षी, १९११ साली, पेरूतल्या कोरोपुनावर 'व्होट्स फॉर विमेन'चा झेंडा रोवला होता. वय ६०. आणि त्या आधी १८९५ला मॅटरहॉर्न चढताना विजार घातली म्हणून गहजब झाला होता. म्हणजे इथेही चुरस. मताधिकारासाठी सगळ्यात उंचावर कोण ओरडतं ते पाहू!

---

वेताळटेकडी
मंगळवार, सकाळी ७:५०

सगळे मूळ मुद्द्याला वळसा घालताय. हमालांचं काय? रानजाई, तुम्हीच म्हणालात आक्षेप खोटा नाही. मग सांगा ना सविस्तर.

---

रानजाई
मंगळवार, सकाळी ८:३५

सांगते. टाळत नव्हते, लिहायला वेळ हवा होता.

या मोहिमांना साठ-सत्तर, कधी शंभरावर हमाल लागायचे. बहुतेक बाल्टी, म्हणजे बाल्टिस्तानचे गावकरी (बादलीशी संबंध नाही, अवखळ, आधीच सांगते), आणि सुरू खोऱ्यातले. त्यांच्या पुस्तकांत हे लोक आळशी, चोर, खोटारडे म्हणून येतात. पानंच्या पानं तक्रारी. एकाहून जास्त मोहिमांत हमाल ओझी टाकून परतले. केनेथ मेसन हे हिमालयाच्या शोधाचे मोठे इतिहासकार, स्वतः काराकोरममध्ये सर्वेक्षण केलेले. त्यांचंही मत असंच की वर्कमन दांपत्याला धीर नव्हता आणि हमालांच्या मनात काय आहे हे समजून घ्यायचा प्रयत्न त्यांनी क्वचितच केला. त्याच काळात, त्याच भागात इतरांची माणसं त्यांच्याबरोबर टिकत होती. तेव्हा 'तो काळच तसा होता' एवढं म्हणून सुटका नाही.

---

गावगाडा
मंगळवार, सकाळी ९:४०

रानजाई, यात एक धागा जोडतो. त्या वेळी काश्मीर संस्थानात बेगार होती. आपल्याकडे जिला वेठ म्हणत तीच. गिलगिटच्या छावणीला रसद पोचवायला गावंच्या गावं जुंपली जायची. कित्येक जण परत यायचे नाहीत. वॉल्टर लॉरेन्स या तिथल्या इंग्रज अधिकाऱ्याने १८९५च्या पुस्तकात यावर कडक लिहिलंय. साहेब मोहिमेला निघाला की तहसीलदाराकडे मागणी जायची, तहसीलदार लंबरदाराला, म्हणजे गावच्या पाटलाला सांगायचा, आणि लंबरदार ज्याच्यावर डूख धरून असेल त्याला पाठवायचा. मजुरी ठरलेली असली तरी 'येत नाही' म्हणायची सोय नव्हती.

आता विचार करा, ऐन कापणीच्या दिवसात शेत सोडून गवताच्या चपला घालून बर्फावर जायचं, कशासाठी? एका बाईला कुठल्याशा टोकावर जाऊन पाणी उकळायचंय म्हणून. मी असतो तर पहिल्याच रात्री पळालो असतो, आणि जाताना पिठाची गोणीही नेली असती. पुस्तकात ज्याला चोरी म्हटलंय तो मला वेठ नाकारण्याचा एकमेव उपलब्ध मार्ग दिसतो.

---

पोथीवाला
मंगळवार, सकाळी ९:५२

गावगाडा, दंडवत. हा प्रतिसाद स्वतंत्र धागा म्हणून काढा.

---

निवृत्त_सुभेदार
मंगळवार, सकाळी ११:३०

हमालांचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या वेळी वरच्या चौक्यांना रसद हेलिकॉप्टरने जायची, पण हवामान बंद झालं की नुब्रा खोऱ्यातल्या गावांतले पोर्टर. पाठीवर रॉकेलचा जेरीकॅन आणि आमच्याबरोबर दोर बांधून चालायचे. कुठे बर्फ पोकळ आहे ते त्यांना पायाखालच्या आवाजावरून कळायचं. माझ्यापुढे चालणाऱ्या एका पोराने मला हाताने थांबवलं होतं, काठी टोचली आणि समोर विहिरीएवढी भेग उघडली. त्याच्यामुळे आज हे टाइप करतोय.

फोटो कुणाचा लावायचा ते तुम्ही ठरवा. पण वर एकटं कुणी जात नाही हे मला ठाऊक आहे.

---

ताकभात
मंगळवार, सकाळी ११:४४

काका 🙏

---

रानजाई
मंगळवार, दुपारी १२:२०

काका, तुमच्या भेगेवरून. १९१२ला सियाचीनवर सेझार शेनोझ नावाचा त्यांचा इटालियन पोर्टर असाच भेगेत पडला आणि गेला. कूर्मायूरकडची ही माणसं, त्यांचा प्रमुख सिप्रियन साव्हॉय. १९०६लाही तोच बरोबर होता. पायऱ्या खोदायचं काम या लोकांचं. आणि ज्या नकाशाने सियाचीन पहिल्यांदा नीट कागदावर आली तो ग्रँट पीटर्किन आणि आपल्या सर्व्हे ऑफ इंडियाचे सरजन सिंग यांनी केला. मोजपट्टी काका, तुमच्याच खात्यातले पूर्वज.

---

मोजपट्टी
मंगळवार, दुपारी १२:४८

वा! साध्या प्लेन टेबलवर, म्हणजे तिपाईवरच्या नकाशाच्या फळीवर, बर्फात. फोटो लावायचा तर सरजन सिंगांचा लावा म्हणतो मी.

---

बॉस्टनकर
मंगळवार, रात्री ११:१७ (इथे दुपार)

उशिरा आलो. वुस्टर माझ्या घरापासून गाडीने तासाभरावर. रविवारी रूरल सिमेटरीत जाऊन आलो. नवरा-बायको एकत्र आहेत, वर दगड: 'पायोनियर हिमालयन एक्सप्लोरर्स'. बायको म्हणाली, सुट्टीच्या दिवशी लोक मॉलमध्ये जातात, तू मला दफनभूमीत आणलंस. तिथे फॅनीला शोधत आलेलं दुसरं कुणीही नव्हतं.

हे मात्र लिहायलाच हवं. १९२५ला फ्रान्समध्ये कान इथे ती वारली तेव्हा चार महिला महाविद्यालयांना मिळून सव्वा लाख डॉलर ठेवून गेली: रॅडक्लिफ, वेलस्ली, स्मिथ आणि ब्रिन मॉर. ब्रिन मॉरला आजही तिच्या नावाची फेलोशिप आहे. पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात व्याख्यान देणारी ती पहिली अमेरिकन बाई. लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीत १९०५ साली बोलली, तिच्याआधी तिथे फक्त इझाबेला बर्ड या एकाच बाईला बोलावलं होतं. म्हणजे दरवाजे ढकलायची सवय होती, आणि मागे येणाऱ्यांसाठी ते उघडे राहतील याची सोयही तिने केली. हमालांबाबतचं सगळं मान्य करूनही मला हे कमी वाटत नाही.

---

भाकरवडी
बुधवार, सकाळी ८:०५

बॉस्टनकर +१.

मला वेगळीच तक्रार आहे. तिच्यानंतरच्या तर आणखी विसरल्या गेल्या. १९३४ला तिचा विक्रम मोडला हेटी डीरेनफर्थने, कुठे? वेताळटेकडींनी नावं ठेवलेल्या त्याच क्वीन मेरी शिखरावर, म्हणजे आजचं सिया कांगरी. पश्चिम शिखर, सुमारे ७,३१५ मीटर. त्याबद्दल १९३६च्या ऑलिंपिकमध्ये नवरा-बायकोला गिर्यारोहणाचं सुवर्णपदक मिळालं. हो, असं पदक असायचं.

मग माझी सगळ्यात आवडती, क्लोद कोगां. नीसमध्ये पोहण्याचे पोशाख तयार करायचा व्यवसाय. १९५१ला नवरा वारला. त्यानंतर दोन वर्षांनी, १९५३च्या ऑगस्टमध्ये, रानजाईचा चहा ज्याने गार केला त्या नुनच्या माथ्यावर जगातली पहिली दोन माणसं पोचली, त्यातली एक ही. दुसरे पिएर व्हिट्टोझ, लेहमध्ये राहणारे मिशनरी. विचार करा, सात हजार मीटरवरचं अजिंक्य शिखर, आपल्याच देशातलं, आणि पहिल्या चढाईत एक बाई. पाठ्यपुस्तकात एक ओळ नाही. १९५९ला ती फक्त बायकांची आंतरराष्ट्रीय मोहीम घेऊन चो ओयू शिखराकडे गेली. त्यात तेनसिंगच्या दोन मुली, पेम पेम आणि निमाही होत्या. वरच्या कॅम्पवर हिमप्रपातात क्लोद, बेल्जियमची क्लोदीन व्हान देर स्ट्राटेन आणि आंग नोर्बू शेर्पा गेले. त्यांना वाचवायला निघालेल्यांपैकी छेवांग शेर्पाही गेला.

---

कोकणकडा
बुधवार, सकाळी ८:४०

आपल्याकडचीही एक सांगतो. १९७० साली बंगालच्या सुजया गुहा फक्त बायकांची मोहीम घेऊन लाहौलमध्ये गेल्या. एका निनावी शिखरावर चढून त्याचं नाव ठेवलं 'ललना'. परतताना करचा नाला ओलांडताना सुजया आणि कमला साहा वाहून गेल्या. शिखर उतरून झालं होतं. ओढ्याने घात केला. दर पावसाळ्यात आपल्याकडे बातम्या वाचतो तेव्हा मला हेच आठवतं.

---

वेताळटेकडी
बुधवार, सकाळी १०:१०

चला, मी थोडा उतरतो. कोगां, सुजया गुहा यांचे फोटो लावा, मनापासून पाठिंबा. वर्कमनला विरोध कायम. पराक्रम वेगळा, सन्मान वेगळा. आपण भिंतीवर फोटो लावतो तेव्हा येणाऱ्या पोरांना सांगत असतो, असे व्हा.

---

भाकरवडी
बुधवार, सकाळी १०:२६

त्या न्यायाने निम्म्या भिंती रिकाम्या कराव्या लागतील. आणि गंमत म्हणजे पुरुषांच्या फोटोखाली हा प्रश्न कधी निघत नाही. मॅलरीच्या वेळी १९२२ला एव्हरेस्टवर हिमप्रपातात सात हमाल गेले. त्याचा फोटो तुमच्या संस्थेत आहे का हो रानजाई?

---

रानजाई
बुधवार, सकाळी १०:४४

आहे. दारासमोरच. खाली हमालांबद्दल काही लिहिलेलं नाही.

---

वेताळटेकडी
बुधवार, सकाळी १०:५१

मग तिथेही लिहा. मी काही मॅलरीचा जावई नाही.

---

संपादक मंडळ
बुधवार, सकाळी ११:००

चर्चा चांगली चालू आहे. अशीच राहू द्या. वैयक्तिक शेरे टाळा. 'जावई' चालेल.

---

रानजाई
रविवार, संध्याकाळी ६:३०

मंडळी, काल कमिटीची सभा झाली. दीड तास, त्यात पाऊण तास पंख्याच्या दुरुस्तीवर. धाग्याची प्रिंट काढून नेली होती. गावगाडा आणि सुभेदार काकांचे प्रतिसाद मोठ्याने वाचले. आक्षेप घेणाऱ्या सभासदाने स्वतःच तोडगा सुचवला: फोटो लावा, पण खालचा मजकूर आम्ही सांगू तो. मला आधी ते अटीवर पास केल्यासारखं वाटलं. मग मजकूर लिहायला बसलो आणि लक्षात आलं की नुसत्या 'विक्रमवीर महिला'पेक्षा तोच बरा होतोय. असा ठरलाय:

"फॅनी बुलक वर्कमन (१८५९–१९२५). १९०६, पिनॅकल पीक, ६,९३० मी. १९१२, सियाचीन मोहिमेची प्रमुख. वाट काढली सिप्रियन साव्हॉयने. नकाशा केला पीटर्किन आणि सरजन सिंग यांनी. सेझार शेनोझ परतला नाही. ओझी सुरू आणि बाल्टिस्तानच्या गावकऱ्यांनी वाहिली. त्यांच्याशी ती चांगली वागली नाही. १९१२ साली इंदिरा कोलचं नाव तिने ठेवलं."

शेजारी ॲनी पेक. (मुद्दाम शेजारी. दोघींना आवडणार नाही.) मग हेटी, क्लोद, सुजया गुहा आणि कमला साहा. मॅलरीच्या फोटोखालीही एक ओळ वाढवतोय, त्या सात जणांची.

---

वेताळटेकडी
रविवार, संध्याकाळी ७:१२

वाचलं. चालेल. उद्घाटनाला येईन, चहा असेल तर.

---

मोजपट्टी
रविवार, संध्याकाळी ७:४०

६,९३०च्या आधी 'सुमारे' घाला.

---

रानजाई
गुरुवार, दुपारी ४:०५

घातलं काका. पण आत्ता छपाईवाल्याकडून प्रूफ आलंय. सगळं ठीक आहे, फक्त शेवटची ओळ अशी छापलीय: "१९१२ साली इंदिरा कॉलनीचं नाव तिने ठेवलं."

---

वेताळटेकडी
गुरुवार, दुपारी ४:०७

तरी मी पहिल्या दिवशी म्हटलं होतं, खिंड लिहा.